कर भरायचा, पण कोणत्या वर्षी? : रॉथ कन्व्हर्जनच्या नियमांची प्रस्तावना

अमेरिकेत नोकरीला लागलेल्या मराठी माणसाच्या हाती पहिल्याच आठवड्यात कंपनीकडून कागदांचा एक गठ्ठा पडतो. त्यात ४०१(के)चा, म्हणजे कंपनीमार्फत चालणाऱ्या निवृत्ती बचत योजनेचा, अर्ज असतो. पगारातून किती टक्के कापायचे ते लिहायचं आणि सही करायची. बहुतेक कंपन्या स्वतःची थोडी भर घालतात, आणि आपण टाकलेल्या रकमेवर त्या वर्षी आयकर लागत नाही. पुढे नोकऱ्या बदलतात, जुन्या ४०१(के)तले पैसे रोलओव्हर होऊन ट्रॅडिशनल आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात येतात, मुलं कॉलेजला जातात, आणि वीस-पंचवीस वर्षांनी स्टेटमेंटवर भरघोस आकडा दिसू लागतो. तो पाहून हायसं वाटणं साहजिक आहे. पण तो सगळाच्या सगळा आकडा आपला नसतो.

इथे आपली गफलत होण्याला कारण आहे. आपण वाढलो ते पीपीएफचं पासबुक पाहत. त्यात पैसे भरताना वजावट मिळायची, व्याजावर कर नसायचा आणि पंधरा वर्षांनी हाती येणाऱ्या रकमेवरही नसायचा. पासबुकात दिसतं ते आपलं, हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला. ट्रॅडिशनल आयआरएचा हिशेब वेगळा आहे. तिथे सरकारने कर माफ केलेला नसतो, पुढे ढकललेला असतो. मूळ रक्कम आणि तिच्यावरची सगळी वाढ, दोन्ही काढताना साधं उत्पन्न म्हणून करपात्र ठरतात. खात्यात पाच लाख डॉलर असतील, तर त्यातला काही हिस्सा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, आहे. किती, ते अजून ठरलेलं नाही एवढंच.

हा पुढे ढकललेला कर आपणहून आधी भरून टाकायचा आणि पैसे रॉथ आयआरएमध्ये हलवायचे, म्हणजे रॉथ कन्व्हर्जन. एकदा पैसे तिथे गेले आणि ठरावीक अटी पाळल्या, की पुढची वाढ करमुक्त. हे पुस्तक या एका व्यवहाराविषयी आहे. त्यात पानोपानी अनेक नियम येतील, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट एकच आहे : कन्व्हर्जनने कर टळत नाही, तो कोणत्या वर्षी भरायचा ते निवडता येतं. ही निवड नीट केली तर कुटुंबाचे हजारो डॉलर वाचतात. ऐकीव माहितीवर केली तर तितकेच जातात, आणि ते परत मिळवायची सोय आता राहिलेली नाही.

या नियमांची गुंतागुंत एका दिवसात झालेली नाही, म्हणून थोडा इतिहास सांगणं भाग आहे. आयआरए जन्माला आलं ते १९७४ च्या एरिसा कायद्यातून. ज्यांच्या कंपनीत पेन्शन योजना नाही अशा नोकरदारांपुरतं ते होतं, आणि वर्षाला जास्तीत जास्त १,५०० डॉलर टाकता येत. १९८१ च्या कायद्याने ते सगळ्या कमावत्यांना खुलं केलं. मग १९८६ च्या कर-सुधारणेने हात आखडता घेतला : कंपनीची योजना असलेल्या आणि बऱ्यापैकी कमावणाऱ्या लोकांना आयआरएमध्ये पैसे टाकता येतील, पण वजावट मिळणार नाही. तेव्हापासून एकाच खात्यात दोन जातींचे पैसे राहू लागले. काहींवर कर भरून झालेला, काहींवर बाकी. आज या कर भरलेल्या पैशांचा हिशेब देणारा फॉर्म ८६०६ भरताना जी डोकेदुखी होते तिचं मूळ या कायद्यात आहे.

रॉथ आयआरए १९९७ च्या टॅक्सपेअर रिलीफ कायद्यातून आलं आणि १ जानेवारी १९९८ पासून सुरू झालं. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ तेव्हा सिनेटच्या अर्थ समितीचे अध्यक्ष होते, त्यांचं नाव या खात्याला मिळालं. सुरुवातीला एक लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांना कन्व्हर्जनची परवानगीच नव्हती. ती मर्यादा २०१० साली उठली, आणि नवरा-बायको दोघंही कमावणाऱ्या अनेक मराठी घरांसाठी हे दार त्या वर्षी पहिल्यांदा उघडलं. दुसरा मोठा बदल २०१८ पासून लागू झाला. त्याआधी केलेलं कन्व्हर्जन ठरावीक मुदतीत उलटवता येत असे. बाजार पडला, कर झेपेनासा झाला, तर माघार घेता यायची. २०१७ च्या कर कायद्याने ती सोय बंद केली. आता बटण दाबलं की दाबलं.

म्हणूनच आधी तत्त्व समजून घ्यायचं. ट्रॅडिशनल खात्यात १०,००० डॉलर आहेत आणि तुमचा कराचा दर २४ टक्के आहे असं धरा. आज कन्व्हर्ट करून कर त्यातूनच दिला, तर रॉथमध्ये ७,६०० उरतील. काही वर्षांत पैसे दुप्पट झाले, की १५,२०० होतील, पूर्ण करमुक्त. आता कन्व्हर्ट न करता तसेच ठेवले, तर १०,००० चे २०,००० होतील आणि काढताना २४ टक्के दराने ४,८०० कर जाऊन हाती १५,२०० च उरतील. फरक शून्य. ‘करमुक्त वाढ’ या शब्दांची जी भुरळ पडते, ती या साध्या गणिताने उतरते. आजचा आणि उद्याचा दर सारखाच असेल, तर या हिशेबात कन्व्हर्जनने काही मिळत नाही. उद्याचा दर जास्त असेल तर फायदा, कमी असेल तर तोटा. याला एक महत्त्वाची जोड आहे : कराचे पैसे आयआरएतून न देता बाहेरच्या बचतीतून दिले, तर पूर्ण १०,००० रॉथमध्ये जातात. बाहेर राहिले असते तर त्या पैशांच्या व्याजावर आणि नफ्यावर दरवर्षी कर लागत राहिला असता, तो वाचतो. पाकिटात रोख नसेल तर कन्व्हर्जनची घाई करू नये, असं मी ठामपणे सांगते ते यासाठी. त्यातही वय साडेएकोणसाठच्या आत असेल आणि कर आयआरएतूनच कापून घेतला, तर ती कापलेली रक्कम मुदतपूर्व काढलेली मानली जाते आणि तिच्यावर १० टक्के दंड बसतो.

मग दर कमी कधी असतो? भर नोकरीत, दोन पगार चालू असताना, सहसा नसतो. तो कमी असतो ते मधल्या वर्षांत : नोकरी सुटली आहे आणि नवी लागायची आहे, एक जण शिकायला परत गेला आहे, किंवा बासष्टाव्या वर्षी निवृत्ती घेतली आहे आणि सोशल सिक्युरिटी अजून सुरू केलेली नाही. अशा एका जोडप्याचा हिशेब मांडू. २०२५ या करवर्षात त्यांचं व्याज आणि पेन्शन मिळून उत्पन्न ४०,००० डॉलर. स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० गेल्यावर करपात्र उरतात ८,५००. जोडप्यासाठी १२ टक्क्यांचा टप्पा ९६,९५० ला संपतो. म्हणजे त्या वर्षी ते ८८,४५० डॉलर कन्व्हर्ट करू शकतात आणि एकही डॉलर २२ टक्क्यांच्या टप्प्यात जात नाही. त्यावर जादा फेडरल कर लागतो १०,३०७ डॉलर, म्हणजे बारा टक्क्यांहूनही थोडा कमी. हेच पैसे नोकरीच्या काळात खात्यात टाकताना त्यांनी कदाचित २४ किंवा ३२ टक्के कर वाचवला असेल. कन्व्हर्जनचा खरा फायदा अशा वर्षांत असतो, आणि ती वर्षं थोडी असतात.

थोडी असण्याचं कारण पुढे उभं आहे. सरकार पैसे कायम ट्रॅडिशनल खात्यात राहू देत नाही. १९५१ ते १९५९ या काळात जन्मलेल्यांना ७३ व्या वर्षापासून, आणि १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ७५ व्या वर्षापासून, दरवर्षी ठरावीक किमान रक्कम काढावीच लागते. ती आरएमडी. ती रॉथमध्ये हलवता येत नाही. आधी आरएमडी काढायची, कर भरायचा, आणि मगच उरलेल्यातून हवं तर कन्व्हर्जन. रॉथ आयआरएच्या मूळ मालकाला मात्र हयातभर आरएमडी नाही.

आता त्या नियमाकडे वळू, ज्यात सर्वांत जास्त लोक अडकतात. उत्पन्न जास्त असेल तर रॉथ आयआरएमध्ये सरळ पैसे टाकता येत नाहीत. २०२५ मध्ये जोडप्यांसाठी ही मर्यादा २,३६,००० डॉलरपासून लागू होते आणि २,४६,००० ला दार पूर्ण बंद होतं. म्हणून लोक ‘बॅकडोअर’ करतात : वजावट न घेता ट्रॅडिशनल आयआरएमध्ये ७,००० टाकायचे आणि लगेच रॉथमध्ये हलवायचे. कर भरलेलेच पैसे आहेत, मग पुन्हा कर कसला? गणेशोत्सवाच्या जेवणाच्या पंगतीत हा सल्ला सर्रास दिला जातो. देणाऱ्याला तो लागू पडलेला असतो, कारण त्याच्याकडे दुसरं आयआरए नसतं. घेणाऱ्याकडे जुन्या कंपनीतून आलेलं ९३,००० डॉलरचं रोलओव्हर आयआरए असतं, आणि त्याचा हिशेब पार बदलतो.

फॉर्म ८६०६ समोर घेऊन बसलं की हे स्पष्ट दिसतं. त्यात विचारतात : कर भरलेली रक्कम किती? ७,०००. मग ३१ डिसेंबरला तुमच्या सगळ्या ट्रॅडिशनल, सेप आणि सिंपल आयआरएंमध्ये मिळून किती होते? ९३,०००. त्यात कन्व्हर्ट केलेले ७,००० मिळवा, झाले एक लाख. आता ७,००० भागिले एक लाख, म्हणजे ७ टक्के. कन्व्हर्ट केलेल्या ७,००० पैकी फक्त ७ टक्के, म्हणजे ४९० डॉलर करमुक्त, आणि उरलेल्या ६,५१० वर कर. दुधात साखर विरघळल्यावर नुसती साखर वेगळी काढता येत नाही, तसे हे पैसे मिसळलेले धरले जातात. खाती तीन वेगळ्या बँकांत असली तरी कायद्याच्या लेखी ते एकच आयआरए. नवऱ्याचं आणि बायकोचं मात्र वेगवेगळं मोजतात, आणि ४०१(के) या बेरजेत येत नाही. वाट तिथूनच निघते : सध्याच्या कंपनीची योजना परवानगी देत असेल, तर जुनं रोलओव्हर आयआरए ३१ डिसेंबरच्या आत ४०१(के)मध्ये परत न्यायचं. बेरीज शून्य झाली, की बॅकडोअर मोकळं.

दुसरा कागदही जवळून पाहण्यासारखा आहे. जानेवारीच्या शेवटी ब्रोकरकडून १०९९-आर, म्हणजे वर्षभरात खात्यातून बाहेर पडलेल्या रकमेचा फॉर्म, येतो. त्याच्या २ए रकान्यात बहुधा पूर्ण रक्कमच करपात्र म्हणून छापलेली असते, आणि शेजारी २बी या चौकोनात ‘करपात्र रक्कम निश्चित केलेली नाही’ अशी खूण असते. तुमच्या कर भरलेल्या पैशांचा हिशेब ब्रोकरकडे नसतो, तो तुमच्याकडे असायला हवा. ८६०६ जोडला नाही, तर त्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर भरला जातो आणि कुणी येऊन ते सांगत नाही. म्हणून जुने ८६०६ फेकू नयेत. खातं पूर्ण रिकामं होईपर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षं, ते जपावेत.

रॉथमधून पैसे काढताना लागणारा पाच वर्षांचा नियम एक नाही, दोन आहेत, आणि त्यांची सरमिसळ फार होते. पहिला वाढीविषयी : तुमचं आयुष्यातलं पहिलं रॉथ आयआरए सुरू होऊन पाच करवर्षं झालेली असावीत आणि वय साडेएकोणसाठ पूर्ण असावं, तर वाढ करमुक्त. दुसरा कन्व्हर्जनच्या रकमेविषयी : वय त्याखाली असेल, तर प्रत्येक कन्व्हर्जनची स्वतंत्र पाच वर्षं मोजतात, आणि त्याआत ते पैसे काढले तर करपात्र झालेल्या भागावर १० टक्के दंड. मोजणी १ जानेवारीपासून होते. २०२५ च्या डिसेंबरात केलेलं कन्व्हर्जनही १ जानेवारी २०२५ पासून मोजलं जातं आणि १ जानेवारी २०३० ला मोकळं होतं. पैसे काढताना क्रम ठरलेला आहे : आधी थेट टाकलेली रक्कम, मग जुन्यापासून नव्यापर्यंत कन्व्हर्जनं, आणि सगळ्यांत शेवटी वाढ.

कराच्या टप्प्यांपलीकडेही कन्व्हर्जनचे परिणाम पोचतात. मेडिकेअरचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणजे त्रेसष्टाव्या वर्षी केलेलं मोठं कन्व्हर्जन पासष्टाव्या वर्षीच्या हप्त्यात दिसतं. २०२६ चा जादा हप्ता जोडप्याचं २०२४ मधलं उत्पन्न २,१८,००० डॉलरच्या वर गेलं असेल तर लागतो, आणि मर्यादा एका डॉलरने ओलांडली तरी पूर्ण टप्पा लागू होतो. सोशल सिक्युरिटी सुरू असेल, तर तिचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग करपात्र होऊ शकतो. पासष्टच्या आधी मार्केटप्लेसमधून आरोग्य विमा घेतला असेल, तर सबसिडी घटते. राज्याचा कर वेगळाच. टेक्सासमध्ये आयकर नाही, कॅलिफोर्नियात भरपूर आहे, इलिनॉय निवृत्ती खात्यातल्या रकमेबरोबर कन्व्हर्जनलाही करातून वगळतं. न्यू जर्सी आयआरएत टाकलेल्या पैशांना मुळात वजावटच देत नाही, त्यामुळे तिथे राज्याच्या हिशेबात कर भरलेली रक्कम फेडरल हिशेबापेक्षा वेगळी निघते. न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये राहणाऱ्यांनी हे दोन हिशेब वेगळे ठेवावेत.

पुण्याला किंवा नाशिकला परत जायचा विचार असलेल्यांसाठी या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, कारण त्यांचा प्रश्न दोन देशांचा आहे. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक कुठेही राहिले तरी अमेरिकेचा कर त्यांच्यामागे येतो. एच-१बी व्हिसावर येऊन परत गेलेला माणूस मात्र काही काळाने अमेरिकेच्या दृष्टीने अनिवासी परदेशी होतो, आणि मग त्याला सहसा स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. त्याच्यासाठी कन्व्हर्जन निघण्याआधी करायचं की नंतर, हा मोठा प्रश्न ठरतो. भारतात परतल्यावर ‘आरएनओआर’ (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) दर्जाच्या वर्षांत परदेशातल्या उत्पन्नावर सहसा भारतात कर नसतो. ती वर्षं संपल्यावर ट्रॅडिशनल खात्यांसाठी २०२१ च्या वित्त कायद्याने सोय केली, की अमेरिकेत पैसे काढताना कर लागतो, तेव्हाच भारतातही तो मोजावा. पण ही सोय अशाच खात्यांसाठी आहे, ज्यांच्यावर काढताना कर लागतो. रॉथवर तो लागत नाही. रॉथमधली वाढ करमुक्त राहील, हे वचन अमेरिकेच्या कायद्याने दिलेलं आहे, भारताच्या नव्हे. कायमचं परत जायचं असेल, तर दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराला भेटल्याशिवाय मोठं कन्व्हर्जन करू नये.

एक प्रकरण मी मुद्दाम दोघांनी मिळून वाचावं म्हणून लिहिलं आहे. जोडप्यातलं एक जण गेलं, की दुसरं पुढच्या वर्षीपासून बहुधा ‘सिंगल’ म्हणून विवरणपत्र भरतं. आयआरए तेवढंच, आरएमडी जवळपास तेवढीच, पण २०२५ च्या दरांनी १२ टक्क्यांचा टप्पा ९६,९५० ऐवजी ४८,४७५ ला संपतो आणि स्टँडर्ड डिडक्शन निम्मं होतं. आपल्या पिढीत पुष्कळ घरांत पैशांचा सगळा व्यवहार नवऱ्याच्या हाती राहिला. त्या घरांतल्या बाईवर एकटेपणी हा वाढीव कर आणि तो समजून घेण्याची जबाबदारी एकदमच येते. दोघं असताना, रुंद टप्प्यांच्या वर्षांत, थोडं थोडं कन्व्हर्ट करून ठेवणं ही तिच्यासाठी केलेली खरी तरतूद आहे. मुलांचंही तेच. २०१९ च्या सिक्युअर कायद्यापासून वारशाने आलेलं आयआरए बहुतेक मुलांना दहा वर्षांत रिकामं करावं लागतं, आणि ती दहा वर्षं नेमकी त्यांच्या भर कमाईची असतात. वारसा मिळाल्यावर ते त्यांना स्वतःच्या रॉथमध्ये हलवताही येत नाही. त्यांच्या वाटणीचा कर आईवडिलांच्या कमी दराने आधीच भरून ठेवायचा का, हे आईवडिलांनाच ठरवायचं असतं.

या पुस्तकात कुणालाही ‘कन्व्हर्जन करा’ असा सरसकट सल्ला दिलेला नाही, ‘करू नका’ असाही नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रिकामा तक्ता आहे, तो स्वतःच्या आकड्यांनी भरायचा. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून टप्प्यांच्या मर्यादा त्या त्या वर्षीच्या तपासून घ्याव्यात. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. कन्व्हर्जनची मुदत ३१ डिसेंबरला संपते. आयआरएत पैसे टाकायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो, तसा इथे नसतो. वर्षभरात मोठी रक्कम हलवली, तर तिमाही अंदाजी कर भरायला विसरू नये.

तेव्हा सुरुवात दिवाळीच्या सुमारास करावी. तोवर वर्षाचं उत्पन्न बरंचसं कळलेलं असतं आणि डिसेंबरची धांदल अजून लागलेली नसते. गेल्या वर्षीचं विवरणपत्र, जुने ८६०६ आणि सगळ्या आयआरएंची ताजी स्टेटमेंटं टेबलावर ठेवावीत, दोघांनीही बसावं, आणि चालू टप्पा संपायला किती डॉलर उरलेत ते आधी काढावं. त्या एका आकड्यावरून यंदा किती हलवायचं, की काहीच नाही, हे ठरवता येईल. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.